घराचे माप कोणाच्या अंगाचे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नाटक, संगीत आणि संतवाङ्मय हे आपल्या व्यासपीठाचे नेहमीचे मानकरी. दाराची उंची, जिन्याची पायरी आणि न्हाणीघराची रुंदी यांना येथे सहसा कोणी पाचारण करीत नाही. कार्यकारिणीने ते धाडस केले याबद्दल आम्ही प्रथमच तिचे आभार मानतो. आमचा जन्म नकाशांवर रेघा ओढण्यात गेला. तेव्हा रसिकांनी अलंकारांची अपेक्षा न धरता चार हिशेबाच्या गोष्टी ऐकून घ्याव्यात, एवढीच विनंती आहे.

विषय असा की, इमारतींची जी प्रमाणमापे ठरविली जातात ती कोणता तरी देह डोळ्यांपुढे ठेवूनच ठरविली जातात. आणि तो देह तर काळाबरोबर बदलत जातो. मग मापे बदलावीत काय? बदलावयाची तर कोणाच्या देहावरून? हा प्रश्न भिलाईत विचारण्यास विशेष औचित्य आहे. बहुतेक गावे आधी वसतात आणि मग त्यांचा नकाशा होतो. आपले गाव आधी नकाशावर उमटले आणि मग वसले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्याच सुमारास सेक्टर, स्ट्रीट व क्वार्टर अशा क्रमांकांच्या भाषेत एक नगर उभे राहू लागले. विदर्भातून, देशावरून, कोकणातून जी माणसे येथे आली ती आपल्या अंगाच्या मापाचे घर मागे सोडून क्रमांकाच्या घरात राहावयास आली.

‘अंगाच्या मापाचे घर’ हे शब्द आम्ही केवळ गोडव्यासाठी वापरीत नाही. जुन्या गवंड्याचे माप म्हणजे हात, वीत आणि अंगुळे. घरमालकिणीचा हात पोहोचेल तेथे खुंटी ठोकली जाई, आणि फडताळाची वरची फळी तिच्या सासूला दिसावी की नाही, हाही बहुधा घरातच निकालात निघे! याहून जुना दाखला हवा असेल तर शुल्बसूत्रांचा आहे. यज्ञवेदी मोजण्याचे मोठे एकक ‘पुरुष’ हे होते. यजमानाने दोन्ही हात वर करून उभे राहावे आणि तेवढ्या लांबीचा बांबू तोडून त्याने वेदी आखावी. हा पुरुष १२० अंगुळांचा. अंगूळ सुमारे पाऊण इंचाचे धरले तर ही लांबी साधारण २ मीटर २८ सेंटिमीटर भरते. विसाव्या शतकात ल कॉर्ब्यूझिए या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने ‘मॉड्युलॉर’ नावाची जी मापपद्धती बांधली, तिच्यातील हात वर केलेला मनुष्य २ मीटर २६ सेंटिमीटरांचा आहे. हा योगायोगच समजावा. त्यावरून आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याची आमची तयारी नाही. खरा फरक दुसरीकडे आहे. शुल्बसूत्रातला देह प्रत्यक्ष यजमानाचा होता. कॉर्ब्यूझिएचा देह कोणाचाच नव्हता. त्याने प्रथम १ मीटर ७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस कल्पिला. पुढे हिशेब फूट-इंचांत नीट बसेना म्हणून तो ६ फुटांचा, म्हणजे १ मीटर ८३ सेंटिमीटरांचा केला. त्यासाठी दिलेले कारण असे की, इंग्रजी गुप्तहेरकथांतले रुबाबदार पुरुष, उदाहरणार्थ पोलीस, नेहमी सहा फूट उंच असतात. १९५१ पासून हाच वास्तुशिल्पज्ञ आपल्या देशात चंदीगडची आखणी करीत होता, आणि ही मापपद्धती तो बरोबर घेऊन आला होता!

कॉर्ब्यूझिएला हसणे सोपे आहे. पण आमच्या व्यवसायातील प्रत्येकाच्या टेबलावर असाच एक अनामिक देह झोपलेला असतो. एर्न्स्ट नॉयफर्ट या जर्मन लेखकाचा १९३६ साली निघालेला मापांचा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी उशाशी घेतला. त्यातला माणूसही पावणेदोन मीटरांचा. भारतीय पुरुषाची सरासरी उंची आजही सुमारे १६५ सेंटिमीटर आणि स्त्रीची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. म्हणजे ज्या स्त्रीने त्या घरात दिवसाचे सर्वाधिक तास काढावयाचे, ती त्या ग्रंथातील माणसाच्या खांद्याच्या जरा वर येते.

आपल्या देशाची राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. भिलाईची पहिली घरे त्या संहितेच्याही आधीची. येथे एक भेद लक्षात घ्यावा. संहितेतले प्रत्येक माप डोक्याच्या उंचीवरून आलेले नसते. राहत्या खोलीची उंची किमान पावणेतीन मीटर, म्हणजे ९ फुटांच्या आसपास, आणि तुळईखाली किमान २.४ मीटर मोकळी उंची, असा नियम आहे. तो माणूस उंच असतो म्हणून नाही. ऊन असते, वर छताचा पंखा फिरतो आणि पंख्याखाली हात वर करून अंगरखा काढावा लागतो म्हणून. वैशाखात भिलाईच्या छपराखाली ज्यांनी दुपारी काढल्या आहेत, त्यांस या नियमाचे समर्थन ऐकविण्याचे कारण नाही.

युरोपात मात्र गोष्ट निराळी झाली. नेदरलँड्समधील माणसे जगात सर्वांत उंच. तेथील इमारत नियमांनी २००३ साली नव्या घरांसाठी छताची किमान उंची २.४ मीटरवरून २.६ मीटर आणि दाराची उंची २.१ मीटरवरून २.३ मीटर केली. देहाची वाढ पाहून राष्ट्राने चौकट उंचावली, याचे हे ठळक उदाहरण. पण पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. त्या देशाच्या सांख्यिकी खात्याने २०२१ साली जाहीर केले की, २००१ मध्ये जन्मलेले डच पुरुष १९८० मध्ये जन्मलेल्यांपेक्षा १ सेंटिमीटरने बुटके आहेत आणि स्त्रिया १.४ सेंटिमीटरने. नियम वाढले आणि माणसे थांबली! अर्थात १८३ सेंटिमीटरच्या पुरुषाला २.३ मीटरचे दार आजही उपयोगीच आहे; परंतु देहाची वाढ ही आगगाडीसारखी एकाच दिशेने धावत नाही, एवढे यावरून दिसते.

आपल्याकडे तर ती एका दिशेने धावतच नाही. १८९६ ते १९९६ या शतकातील जन्मांचा जगभरचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण कोरियाच्या स्त्रिया शंभर वर्षांत २० सेंटिमीटरांहून अधिक वाढल्या, इराणचे पुरुष १६ सेंटिमीटरांहून अधिक. भारतीय स्त्रियांची वाढ सुमारे ५ आणि पुरुषांची सुमारे ३ सेंटिमीटर. आपण म्हणाल, आमच्या घरात तर नातू आजोबांच्या डोक्यावरून पाहतो. खरे आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तसेच आहे, कारण या नगराने पगार, दवाखाना, शुद्ध पाणी आणि शाळा ही चार अन्ने एकदम वाढली. पण आपले घर म्हणजे देश नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात २००५-०६ आणि २०१५-१६ या दरम्यान १५ ते २५ वयाच्या पुरुषांची सरासरी उंची १.१० सेंटिमीटरने घटलेली दिसली. त्याच वयाच्या अनुसूचित जमातींतील स्त्रियांची ०.४२ सेंटिमीटरने. २०११ च्या जनगणनेप्रमाणे छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींचे प्रमाण ३०.६ टक्के आहे. दल्ली-राजहराच्या ज्या लोहखनिजावर आपली भट्टी पेटली, त्या डोंगरांच्या आसपासचीच ही माणसे. उंची हा रक्ताचा वारसा खराच, पण त्याहून अधिक ती पहिल्या दोन-तीन वर्षांतील ताटाची आणि आजारपणाची नोंद असते. तेव्हा ‘भारतीय माणूस वाढला, मापे वाढवा’ असे जो सरसकट म्हणतो, तो बहुधा स्वतःच्याच घरातील नातवाकडे पाहून म्हणत असतो.

रुंदीची हकीकत उलट आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत २००५-०६ मध्ये १२.६ टक्के स्त्रिया आणि ९.३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आढळले होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. सुमारे १५ वर्षांत जवळजवळ दुप्पट, आणि काही थोडे अधिकच. आहारशास्त्रज्ञांनी हे लवकर ओळखले. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली आपला ‘प्रमाण पुरुष’ ६० किलोंवरून ६५ किलोंवर नेला. इमारतीतील लिफ्टची पाटी मात्र आठवा: ६ माणसे, ४०८ किलो, ८ माणसे, ५४४ किलो. भागाकार केला तर दरडोई ६८ किलो येतात. वर्षानुवर्षे आपण या पाटीखाली उभे राहत आलो. लिफ्ट कोसळेल अशी भीती आम्ही घालू इच्छीत नाही. तिच्या दोरांत पुष्कळ जास्तीची ताकद ठेवलेली असते आणि वजन अधिक झाल्यास नवी लिफ्ट हलण्याचे नाकारते. अडचण जागेची आहे. आठ माणसांच्या पाटीखाली सहा माणसे अवघडून उभी असतात आणि सातवा ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून जिन्याकडे वळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

लिफ्टपेक्षा गंभीर बाब बाहेर पडण्याच्या वाटांची. संहितेच्या जुन्या आवृत्त्यांत ही वाट मोजण्याचे एकक ५० सेंटिमीटर होते, म्हणजे एका ओळीने चालणाऱ्या एका माणसाची रुंदी. अमेरिकेत तेच एकक २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर होते. ते सैनिकांच्या खांद्यांवरून आले असे सांगतात. पण सैनिक कवायतीत चालतो. आगीच्या वेळी किंवा गर्दीत माणूस डुलत, हात पसरीत, लेकराला कडेवर घेऊन चालतो. जॉन फ्रुइन यांनी १९७१ सालच्या आपल्या ग्रंथात उभ्या माणसासाठी १८ इंच बाय २४ इंचांची लंबगोल जागा धरली, ती कपड्यांसह आणि पिशवीसह. आपल्या संहितेनेही २०१६ मध्ये ओळींचे ते जुने एकक सोडून दर माणशी इतके मिलिमीटर असा हिशेब धरला: जिन्यावर १० आणि सपाट वाटेवर साडेसहा. ही सुधारणा आम्हांस स्वागतार्ह वाटते. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पावसात अडकलेल्या गर्दीत २३ जणांचे प्राण गेले. त्याला देहाची रुंदी हे कारण नव्हते. शहर वाढले आणि जिना तेवढाच राहिला, हे होते. तरी एवढे कळते की वाटेची रुंदी हा शोभेचा प्रश्न नव्हे. गणपतीच्या दहा दिवसांत ज्या सभागृहात आपण साडीचोळीसह, मुलाबाळांसह दाटीने बसतो, त्याच्या दारासमोर चपलांचा ढीग आणि खुर्च्यांची उतरंड ठेवतो, हेही जाता जाता सांगून टाकतो.

आतापर्यंत आम्ही एका पिढीच्या आणि दुसऱ्या पिढीच्या देहातील फरक सांगितला. भिलाईच्या दृष्टीने याहून मोठा फरक एकाच माणसाच्या आयुष्यात पडतो. १९६० च्या आगेमागे जो येथे रुजू झाला तो पंचवीस वर्षांचा होता. पोलाद-वसाहतीचा सारा नकाशा अशा तरुण देहाला मनात धरून काढलेला असणे स्वाभाविकच होते. पुढे काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने रहिवाशांकडेच राहिली, कोणी जवळपास स्वतःचे घर बांधले, मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली, आणि घरात उरले दोन वृद्ध. देह बदलला, उंबरठा, उकिडवे बसण्याचा संडास आणि जिन्याची पायरी आहे तेथेच आहेत. पूर्वी आपल्या कार्यक्रमांना सतरंज्या अंथरल्या जात. आज पुढच्या रांगांत हात टेकता येतील अशा खुर्च्यांची मागणी असते. खुर्ची बदलता येते. जिना बदलता येत नाही.

जिन्याविषयी संहितेचा नियम मोठा मजेदार आहे. राहत्या घरातील पायरी १९ सेंटिमीटरपर्यंत उंच चालते आणि पाऊल ठेवण्याची जागा २५ सेंटिमीटर पुरते. इतर इमारतींत पायरी १५ सेंटिमीटरांहून उंच नको आणि पाऊल ३० सेंटिमीटरांवर पडले पाहिजे. तीन मीटरचा मजला चढावयास घरी १६ उभ्या पायऱ्या, कचेरीत २० सौम्य. म्हणजे धडधाकट कारकुनाला सोपा जिना आणि गुडघे धरून चढणाऱ्या आजीला अवघड. याचे कारण जागेची काटकसर हे आहे, आणि ते आम्हांस ठाऊक आहे. लहान घरात जिन्याने एक खोली खाऊ नये, हे कोणीही मान्य करील. पण ही काटकसर कोणाच्या गुडघ्यांतून केली जाते, हे नियमात कोठेच लिहिलेले नसते. परगावी एका तीनमजली इमारतीत आमच्या एका वृद्ध आप्तांना खाली उतरविण्याचा प्रसंग आला, तेव्हा जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. शेवटी स्वयंपाकघरातील खुर्चीवर बसवून चौघांनी त्यांना उतरविले. ते वाचले. वळणावर एक वीतभर जागा अधिक असती, तर चौघांपैकी दोघे पुरले असते आणि दहा मिनिटे वाचली असती.

न्हाणीघराच्या दाराचेही तसेच. अडीच फुटी दारातून चौकट आणि उघड्या पल्ल्याची जाडी वजा केली की पासष्ट-सहासष्ट सेंटिमीटर उरतात. चाकांच्या खुर्चीची रुंदीही साधारण तेवढीच. खुर्ची जाते, चाकांवरच्या बोटांची साल निघते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि सार्वजनिक इमारतींसाठी २०२१ च्या मार्गदर्शक मानकांनी दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर मागितली. खाजगी घरात मात्र हे ज्याच्या त्याच्या समजुतीवर आहे. खोलीच्या नकाशात पंधरा सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हे. बांधताना ते जवळजवळ फुकट मिळतात. बांधल्यावर भिंत फोडावी लागते.

आता भगिनीवर्गाच्या राज्यात प्रवेश करू. चूल जमिनीवरून ओट्यावर आली ही आपल्या गृहजीवनातली मोठी क्रांती. तिचा इतिहास कोणी लिहिला पाहिजे. ओट्याची उंची ठरविण्याचा साधा नियम असा की, उभे राहून कोपर वाकवावे आणि कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली ओट्याचा पृष्ठभाग असावा. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे कोपर जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटर. तिला ८० ते ८५ सेंटिमीटरचा ओटा ठीक. तिची सून १६५ सेंटिमीटरची असेल तर तिला ८८ ते ९२ हवा. आणि हल्ली पोळ्या लाटणारा मुलगा १७८ चा असेल तर त्याला ९५ च्या वरचा. एकाच घरात, एकाच दगडी फरशीवर तीन उंचींचे लोक. त्यातल्या दोघांची पाठ दुखणारच. विदेशी धाटणीचे तयार स्वयंपाकघर ९० सेंटिमीटरचे येते. मग सासूबाई पाटावर उभ्या राहून आमटीला फोडणी देतात! पाट हा बसण्यासाठी होता. त्याला उभे राहण्यासाठी वापरावे लागेल असे कोणास वाटले होते?

यावर ‘सरासरी काढा आणि मध्ये कोठे तरी ओटा बांधा’ असे उत्तर सुचते. अमेरिकन हवाईदलाने हे करून पाहिले आहे. १९५० साली त्यांनी ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. विमानातील बैठक सरासरी माणसाच्या मापाने करावी, असा विचार होता. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने दहा महत्त्वाची मापे निवडून, त्या दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे वैमानिक किती, हे मोजले. उत्तर आले, एकही नाही. ज्याचे पाय सरासरीचे त्याचे हात लांब, ज्याची छाती सरासरीची त्याचे कंबर-माप निराळे. तेव्हापासून हवाईदलाने बैठक मागेपुढे, वरखाली सरकणारी मागितली. सरासरी माणूस हा आकडेवारीतला पाहुणा आहे. त्याच्यासाठी घर बांधले तर ते रिकामेच राहावयाचे.

यास्तव जाणकारांनी दुसरी रीत काढली आहे. ज्या मापातून देह जावयाचा, म्हणजे दार, वाट, लिफ्ट, ते शंभरांतील मोठ्यातल्या मोठ्या पाचांना विचारून ठरवावे. ज्या मापापर्यंत हात पोहोचावयाचा, म्हणजे फळी, कडी, विजेचे बटण, ते लहानातल्या लहान पाचांना विचारून. रीत चांगली आहे. पण तिला मापे लागतात, आणि ती कोणाची व कधी घेतलेली, यावर सारे अवलंबून असते. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय देहमापांचा ग्रंथ सिद्ध केला. तो आजही हाताशी ठेवावा असा आहे. परंतु १९९७ नंतर एक पिढी मोठी झाली. अलीकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने देशातील सहा शहरांत २५,००० स्त्रीपुरुषांची मापे घेण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला, तो तयार कपड्यांच्या मापांसाठी. शिंप्यांनी गवंड्यांवर मात केली म्हणावयाची! कापड चुकले तर वर्षभराने टाकून देता येते. घर साठ वर्षे अंगावर वागवावे लागते. मापे अधिक काळजीने कोणी घ्यावयास हवीत, हे उघड आहे.

मापे बदलावीत काय, या प्रश्नाला आमचे उत्तर ‘होय’ असे आहे. पण डच चौकटीप्रमाणे ती सगळी एकदम वर ओढावीत, असे नाही. आमच्या मते घराचे दोन भाग मनात वेगळे धरावे. एक हाडांचा: दारांची रुंदी, जिना, त्याचे वळण, न्हाणीघराची लांबीरुंदी, बाहेर पडण्याची वाट. ही हाडे एकदा बसली की हलत नाहीत. तेथे आज मोजलेल्या मोठ्या देहापेक्षाही थोडी अधिक जागा सोडावी, कारण उद्याचा देह कोणता, हे आपण सांगू शकत नाही आणि म्हातारपण मात्र नक्की सांगू शकतो. दुसरा भाग मांसाचा: ओटा, फळ्या, नळ, संडासाची बैठक, खुंट्या. येथे नेमके एकच माप सक्तीचे करणे हाच दोष. ओटा विटांच्या भिंतीवर पक्का न बांधता लोखंडी घोड्यांवर ठेवला तर दहा सेंटिमीटर वरखाली करणे अर्ध्या दिवसाचे काम. न्हाणीघराच्या भिंतीत आधाराचा दांडा बसेल अशी पक्की जागा आधीच राखून ठेवली तर पुढे फरशी फोडावी लागत नाही. यात पैसा फारसा नाही. आधी विचार करण्याची तसदी मात्र आहे.

आणि संहितेकडे आमचे एक मागणे आहे. प्रत्येक मापासमोर ते कोणत्या देहावरून आले आणि तो देह कोणत्या साली मोजला, हे लिहावे. १९ सेंटिमीटरची पायरी कोणाच्या गुडघ्यावरून? ६८ किलो कोणत्या वर्षीच्या काट्यावरून? ते लिहिले की पुढच्या आवृत्तीच्या वेळी मोजणी पुन्हा करावीच लागेल. आणि ती शहरातील आपल्यासारख्यांचीच झाली की बस्तरच्या मुलीचीही झाली, हे कोणासही विचारता येईल. घरकुल योजनांतील लहान घरे याच संहितांच्या सावलीत उभी राहतात. तेथे उंची वाढवून खर्च वाढविला, तर तो क्षेत्रफळ कापून वसूल होईल, ही आमची मुख्य भीती आहे. ज्या देहाला वाढण्यापुरते अन्न मिळाले नाही, त्याच्या घराचे छत आपल्या नातवासाठी उंच करून त्याची खोली आणखी अरुंद करावयाची, हा व्यवहार न्यायाचा नाही.

मोठ्या संस्था मोजतील तेव्हा मोजोत. आपल्या मंडळात आज तीन पिढ्या एकत्र येतात. साठ वर्षांपूर्वी पंचविशीत आलेल्यांपासून मराठी बालनाट्यातील मुलांपर्यंत. येत्या गणेशोत्सवात एक दिवस त्यासाठी द्यावा, अशी आमची कार्यकारिणीस सूचना आहे. नावे लिहावयाची नाहीत. वय, स्त्री की पुरुष आणि जन्मगाव एवढेच. मापे पाच: उंची, कोपराची उंची, खांद्यांची रुंदी, हात वर केल्यावर बोटांची पोहोच आणि वजन. शक्य असल्यास सहावे, आधार न घेता किती उंच पायरी चढता येते ते. सभागृहात काम करणाऱ्या बायांची, पहारेकऱ्याची आणि आचाऱ्याच्या हाताखालच्या मुलांचीही घ्यावीत. नाही तर आमच्याच टीकेचे आम्ही धनी होऊ. या मापांवरून प्रथम आपल्याच सभागृहाचा रंगमंचाकडे जाणारा जिना आणि स्वयंपाकघरातील ओटा तपासू. मापपट्टी आणि काटा आम्ही आणतो. भिंतीवर रेघा ओढण्यास गेरू चालेल. खडू पुसला जातो. स्त्रियांची मापे घेण्यास महिला शाखेतून दोघी-तिघींची नावे पुढील बैठकीपर्यंत सचिवांकडे यावीत.